कचऱ्याची शिस्त

देशासाठी ज्यानं ऐन उमेद वेचली, त्याला देश कधीही वाऱ्यावर सोडत नाही. फक्त देशाकडे त्याचा जुना मोबाइल नंबर असतो, त्यामुळे आठवण पोचायला जरा उशीर होतो.

निमोण्याच्या हौशीरामाच्या बाबतीत हा उशीर दोन वर्षांचा झाला. पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन तो गावी परतला, तेव्हा हलगी लावून उघड्या जीपमधून त्याची मिरवणूक काढली होती. पंधरा दिवसांत तेच लोक त्याला पाहून बोळात शिरू लागले, कारण भेटेल त्याला तो छाती काढून चालायला सांगायचा. बाहेर कुणी सापडेना, तेव्हा त्यानं घराकडे मोर्चा वळवला.

घर त्याच्या बायकोचं होतं. म्हणजे सातबाऱ्यावर नाव त्याचं, पण राज्य सुवर्णाचं. वीस-बावीस वर्षं शेवंती, झेंडू आणि कांदा तिनं एकटीच्या हिमतीवर पिकवला, बाजाराला लावला, मजुरांना हाकलं. नवरा वर्षातून एकदा रजेवर यायचा, मटण खायचा, दोन गोष्टी सांगायचा आणि जायचा. असा नवरा सोन्यासारखा असतो. आता तोच नवरा रजेवर आला होता आणि रजा काही संपत नव्हती.

त्यानं गोठ्यातली दावी एका लांबीची केली. फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावले, त्यात हळदीच्या जागी मेथी जाऊन बसली. अंगणातल्या लिंबाच्या बुंध्याला खाली गेरू आणि वर चुना असा पट्टा मारला. तुळशीवृंदावनाला मारला, तोही एक वेळ शोभून गेला. मग त्यानं पाट्याला आणि वरवंट्याला मारला. त्या दिवशी चटणीला भिंतीची चव आली.

"अहो," ताटावरून उठत सुवर्णा म्हणाली, "समोर दुस्मान आला की तुम्ही काय करायचा?"

"फायर."

"मग माझ्यावर येकदाच करा आन् मोकळं व्हा. ह्ये रोजचं मरान नको. न्हाईतर काम बघा. माऊलीनं सांगितलंय न्हवं?"

माऊली म्हणजे तिचा भाऊ. दौंडला त्याचं मंगल कार्यालय होतं आणि त्याच्या दारात उभं राहायला त्याला मिशीवाला, मेडलवाला, खराखुरा फौजी हवा होता. डोक्याला फेटा, फेट्याला तुरा, आणि वऱ्हाडाची गाडी आली की कडक सलाम. हौशीराम एकदा गेलाही होता. पहिल्याच लग्नात नवरदेवाच्या मामानं त्याच्या सलामाला उत्तर म्हणून गाडीची चावी त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "सावलीत लाव, आन् बंपर संभाळ." हुकूम तो हुकूम; हौशीरामानं गाडी सावलीत लावली. मग एसटी धरून घरी आला, मेडलं ट्रंकेच्या तळाशी घातली आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही. सुवर्णाला ते दोन दिवस फार आवडले.

"आखितीपातुर दुसरी नोकरी मिळाली तर ठीक," तिनं निक्षून सांगितलं. "त्यानंतर लग्नाची दाट तिथ. माऊली तुरा घिऊन वाट बघतोय."

हौशीराम आयुष्यात बर्फाला भ्याला नाही, पण त्या तुऱ्याला भ्याला.

अशा वेळी खुटबावच्या सतीशचा फोन आला. सतीश पुरवठा दलातून नाईक म्हणून निवृत्त झालेला. दोघांची ओळख पेन्शनच्या रांगेतली, म्हणजे रक्ताच्या नात्याहून पक्की.

"हवालदार, आनंदाची बातमी! सरकारला आपण सापडलो."

"कुठं?"

"दौंडला या. सगळं सांगत्यात."

दौंडला एका सभागृहात तीसेक माजी सैनिक जमले होते. पुढं 'हरित सैनिक स्वावलंबन अभियान' असा बॅनर होता आणि बॅनरखाली अभियानाचे समन्वयक पोपटराव होते. पोपटरावांनी योजना समजावली. बेरोजगार माजी सैनिकांना तीन महिने पर्यावरणाचं प्रशिक्षण, सरकारी खर्चानं. दूषित जागा ओळखणं, कचऱ्याचं वर्गीकरण आणि शेवटी सफाई. त्यानंतर प्रमाणपत्र. आणि प्रमाणपत्रवाल्यांना रांजणगावकडच्या कंपन्या 'पर्यावरण पर्यवेक्षक' म्हणून घ्यायला तयार आहेत, खुर्चीची नोकरी.

खुर्ची म्हटल्यावर हौशीराम ताठ झाला. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हातात कुणी गाडीची चावी देत नाही.

"पण साहेब," मागून कुणीतरी विचारलं, "आम्ही निम्मे दौंडचे, आन् प्रॅक्टिकल शिरूरला का?"

"माजी सैनिक दौंडला जास्त निघाले, घाण शिरूरच्या हद्दीत मंजूर झाली."

"घान आमच्याकडंबी हाय की!"

"आहे ना. पण ती मंजूर नाही."

सतीश हौशीरामाच्या कानाशी आला. "बघा हवालदार. आमच्या आज्यानं बाबासाहेबांचं ऐकून झाडू खाली ठिवला. बापानं हातात वही घेतली, म्या बंदूक घेतली. आन् आता सरकार म्हनतंय, तोच झाडू घे, ह्यावेळी सर्टिफिकेट देतो."

"पलटनीत झाडलंच न्हवं आपन?"

"ती पलटन व्हती. तिथं बामनाचा पोरगा माझ्या डाव्या हाताला झाडायचा. हितं मी फावडं घेनार, झाडू तुम्ही घ्या."

"घेतो," हौशीराम म्हणाला. खुर्चीसाठी तो नांगरही गळ्यात घ्यायला तयार होता.

मंजूर झालेली घाण निमोण्याच्या शिवेवरच्या जुन्या दगडखाणीत होती. घाण म्हणून तिला तोड नव्हती. आसपासच्या वाड्यावस्त्यांचं, रस्त्यावरच्या ढाब्यांचं, सलूनमधल्या केसांचं, निवडणुकीतल्या फ्लेक्सांचं सगळं शेवटी तिथं येऊन मिळायचं. तज्ज्ञांनी तिची निवड तीन वेळा पाहणी करून केली होती.

प्रशिक्षणाचा पहिला दिवस उजाडला. तिसांचे तीस जण वेळेच्या आधी हजर. शिकवणाऱ्या ऋतिका मॅडम पुण्याहून यायच्या होत्या. पंचविशीतली पोरगी, पर्यावरणात पदवी घेतलेली, डोळ्यांत पृथ्वीची काळजी. तिचा हौशीरामाला फोन आला.

"काका, मी वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेय. तोपर्यंत तुम्ही सगळे जागा नीट बघून घ्या हं."

"जी मॅडम!"

त्यांनी जागा बघितली. साहेब येणार आहे आणि पायाखाली घाण आहे, अशा दोन गोष्टी एकत्र दिसल्या की फौजी माणसाच्या डोक्यात काय होतं, हे सभ्य नागरिकाला कळायचं नाही. कुणी हुकूम दिला नाही. तशी गरजच नव्हती. एकानं फ्लेक्स ओढला, दुसऱ्यानं दुसरं टोक धरलं, हौशीरामानं शिट्टी फुंकली आणि तीस माणसं खाणीत उतरली. सतीशनं खुटबावला फोन लावून चुलतभावाचे दोन ट्रॅक्टर ट्रॉल्यांसकट मागवले. कुणी कवठे येमाईला जाऊन गेरू आणि चुन्याची पोती घेऊन आला. जेवणवेळेला खाण आरशासारखी झाली होती. कडेनं लहानमोठे दगड उंचीप्रमाणे लावून एकाआड एक गेरू-चुना मारला होता आणि मधोमध पांढऱ्या दगडांनी 'सुस्वागतम्' लिहिलं होतं.

ऋतिकाची गाडी आली. ती खाली उतरली, तिनं चारीकडे पाहिलं, परत गाडीत बसली आणि मोबाइलवर नकाशा तपासू लागली. मग काच खाली करून तिनं विचारलं, "काका, इथं ती दूषित दगडखाण कुठंय?"

"हीच ती, मॅडम."

"मग घाण?"

"साफ, मॅडम!" हौशीराम गरजला, आणि तीस टाचा एकदम वाजल्या.

ऋतिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. जवानांना वाटलं, कृतज्ञतेचं.

"काका," ती एका दगडावर टेकत म्हणाली, "तो माझा अभ्यासक्रम होता. तुम्ही अभ्यासक्रम उचलून नेलात." दगडाचा चुना अजून ओला होता, हे तिला कुणी सांगितलं नाही.

संध्याकाळच्या आत पोपटराव धावत आले. त्यांचा चेहरा गेरूच्या रंगाचा झाला होता.

"अहो, पहिल्या महिन्यात घाण ओळखायची, दुसऱ्यात वर्गीकरण करायचं, तिसऱ्यात साफ करायची. तुम्ही तिसरा महिना पहिल्या दिवशी जेवायच्या आधी उरकलात! आता अनुदान कशाचं घेऊ? आधीचा फोटोसुद्धा नाही. मार्चच्या आत मुंबईचं पथक येणार. त्यांना काय दाखवू, सुस्वागतम्?"

"साहेब," हौशीराम चाचरत म्हणाला, "काम झालंच हाय तर सर्टिफिकेट देऊन टाका."

"प्रशिक्षणाशिवाय? उद्या वरून विचारतील, ह्यांना सफाई येते कशावरून?"

यावर सगळ्यांनी एकदा खाणीकडे पाहिलं.

पोपटराव माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी मार्ग काढला: घाण परत आणा. पण ती कुठं होती? सतीशनं ती शिस्तीत दौंडच्या बाजूच्या एका खासगी डेपोवर पोचवली होती. दोन दिवसांनी विचारलं तर डेपोवाला म्हणाला, प्लॅस्टिक काल विकलं, पुठ्ठा आज गेला, केसांना पुण्याहून गिऱ्हाईक आलं होतं. राहिला ओला कचरा, तर तो आता दौंडच्या हद्दीत आहे, म्हणजे दौंडचा. शिरूरला परत पाहिजे असेल तर शिरूरनं तशी मागणी करावी, आणि कशासाठी पाहिजे ते लिहावं. पोपटरावांनी लिहायला तीन कागद घेतले आणि तिन्ही फाडले.

मग नवी घाण शोधायचं ठरलं, आणि ही बातमी चहाच्या टपरीवर फुटली. माणसं आपल्या गावच्या कचऱ्यावर एरवी प्रेम करत नाहीत. पण सरकारला पाहिजे म्हटल्यावर गोष्ट वेगळी.

"आमच्या कवठ्याचा न्या," एक जण म्हणाला. "यात्रंचा हाय. ताजा."

"का वो?" निमोण्याचा म्हातारा खवळला. "खान आमच्या शिवंला, आन् घान कवठ्याची? आमचा संपला का काय?"

"तुमच्यात काय असतंय आप्पा? नुसता कांद्याचा पाला! हितं शिक्षनाचा इषय हाय."

"आरं, पोरांला शिकायला कांद्याच्या पाल्यावानी दुसरी घान न्हाई! वास घिऊन बघ, डोळ्यात पानी येतंय!"

शेवटी दोन्ही गावांचा मान राखून दोन-दोन ट्रॉल्या घ्यायचं ठरलं. घाण आली, खाणीच्या तोंडाशी ओतली गेली, आणि ऋतिकानं सांगितलं, "काका, आता ही सगळीकडे पसरा. म्हणजे लोकांनी वर्षानुवर्षं टाकलीय अशी वाटली पाहिजे. मी तासाभरात येते."

ती तासाभरानं आली. कचरा पसरला होता. डावीकडे कवठे, उजवीकडे निमोणे. बाटल्या उंचीप्रमाणे, बुचं एका बाजूला. कांद्याच्या पाल्याचे चौकोनी ढीग, दोन ढिगांत एकसारखं अंतर. प्रत्येक ढिगाभोवती चुन्याची रेघ. पुढं हौशीराम उभा.

"दाहिने सज!" त्यानं रांग सरळ करायचा हुकूम दिला, आणि एकानं धावत जाऊन शेवटचा ढीग बोटभर मागं सरकवला.

"काका, ही घाण नाहीये," ऋतिका हताश होऊन म्हणाली. "हे प्रदर्शन आहे."

"शिस्तीत ठिवलीय, मॅडम."

"तेच तर! बेशिस्त हवीय. हे बघा, असं." तिनं हातातली पाण्याची बाटली मागं न बघता भिरकावली. ती खणखणत खाली गेली. तीस माणसांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी शाळेतली पोरं शिव्या देणाऱ्या बाईंकडे बघतील. एक जण गुपचूप जाऊन बाटली घेऊन आला.

पुढचा आठवडाभर अस्ताव्यस्तपणाचे वर्ग झाले. कचरा हवेत कसा उधळायचा, पाठ फिरवून कसा टाकायचा, टाकल्यावर 'आपल्याला काय त्याचं' असा चेहरा कसा करायचा. लेखी परीक्षेत सगळे पास झाले. प्रात्यक्षिकात हौशीराम सगळ्यात कच्चा निघाला. तो डोळे मिटून टाकायचा, मग डोळे उघडायचा, आणि पाय आपोआप पुढं जायचे.

"हवालदार," सतीशनं विचारलं, "गोळीबाराला तुमचा हात असा कापला व्हता का?"

"त्यात काय कापायचंय? तिकडं समोर दुस्मान आसतोय," हौशीराम घाम पुसत म्हणाला. "हितं समोर केळाची साल हाय."

पथकाची तारीख आली. तोवर दोन्ही गावांची घाण उचलली गेली होती आणि खाण परत आरशासारखी झाली होती. पोपटरावांनी दौंडला बैठक घेऊन स्वच्छ सांगितलं, "घाण मान्य झाली नाही तर अभियान बंद. प्रमाणपत्र नाही, पर्यवेक्षक नाही. प्रत्येकानं आपापलं बघावं."

हौशीरामाला आपापलं काय ते डोळ्यांपुढं दिसलं. त्याला तुरा होता.

त्यानं सगळी रात्र विचार केला. जगात अशी कोणती माणसं आहेत, की जी जातील तिथं कुणी न शिकवता, न सांगता, आनंदानं घाण करतात? सकाळी त्याला उत्तर सापडलं, आणि उत्तर फारसं लांब नव्हतं. तो दौंडला माऊलीकडे गेला.

"दाजी! या या!" माऊलीनं मिठी मारली. "ठरलं का मग? फेटा केशरी ठिवू का गुलाबी?"

"माऊली, एक लगीन पायजे."

"आं? ताईला विचारलंत का?"

"तसं न्हाई. वऱ्हाड पायजे. खाऊनपिऊन, दंगा करून जाणारं. आमच्या खाणीवर."

माऊलीनं डोकं खाजवलं. नेमकी त्याची अडचण होती. पथकाच्या आदल्या दिवशी मुहूर्त एकच आणि कार्यालय त्यानं दोन घरांना देऊन ठेवलं होतं. दोन्ही घरं दांडगी. तो हौशीरामाबरोबर खाण बघायला आला. रंगवलेले दगड, सुस्वागतम्, स्वच्छ मोकळी जागा, मागं उभा काळा कडा. माऊलीचे डोळे चमकले.

"दाजी, हे तर डेस्टिनेशन हाय! ओपन एअर. स्टोन थीम. पार्टी जादा पैसं दील." मग त्यानं खांद्यावर हात ठेवला. "फकस्त एक अट. त्या दिवशी दारात तुम्ही पायजे. तुऱ्यासगट."

हौशीरामानं खाणीकडे पाहिलं, कड्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "एकच दिवस."

"एकच."

लग्न झालं. प्रांजल नावाच्या नवरीचं आणि रुद्र नावाच्या नवऱ्याचं, अशी अक्षरं फुग्यांत लावली होती. खाणीच्या तोंडाशी केशरी फेटा आणि हातभर तुरा लावून हौशीराम दिवसभर सलाम ठोकत होता. चार गाड्यांच्या चाव्या त्याच्या हातात आल्या. त्यानं चारही गाड्या सावलीत लावल्या. पण लक्ष त्याचं आत होतं.

आत देवानं घाण करायला जन्माला घातलेली माणसं आपलं काम करत होती. थर्माकोलच्या ताटल्या, अर्ध्या प्यालेल्या बाटल्या, जिलबीचे तुकडे, विड्यांच्या पिचकाऱ्या, फेसाचे स्प्रे, फुटके फुगे, अक्षता, टिश्यू, कुणाची तरी एक चप्पल. कुणीही मागं वळून बघत नव्हतं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर 'आपल्याला काय त्याचं' हा भाव इतका सहज होता की ऋतिका कोपऱ्यात उभी राहून आदरानं बघत होती. पंगतीतून उठलेल्या एका आजोबांनी द्रोण मागं न बघता असा भिरकावला की तो 'सुस्वागतम्'च्या उकारात जाऊन पडला.

"आठवडाभर शिकवत होते मी," ती पुटपुटली. "एकालाही हे जमलं नाही."

"मॅडम," सतीश म्हणाला, "ह्याला खानदान लागतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पथक येणार होतं. तीस जण आधीच येऊन खाणीच्या कडेला उभे होते. हौशीरामानं त्यांना दोन रांगांत लावलं, 'विश्राम' दिला आणि सगळ्यांचे हात पाठीमागं बांधून ठेवायला सांगितलं. कुणाचा भरवसा नव्हता. खाली खाण अशी पडली होती की नजर ठरत नव्हती. रांगेतला एक जण हळूच हुंदका देत होता.

पथकातले तिघं उतरले. त्यांच्या प्रमुख बाई गॉगल सावरत कडेला आल्या. नेमका तेव्हा वारा सुटला. एक थर्माकोलची ताटली उडाली, गिरक्या घेत वर आली आणि हौशीरामाच्या बुटाला येऊन चिकटली. वरण तिच्यावर अजून होतं.

हौशीरामाची कंबर वाकू लागली. कुणी वाकवत नव्हतं, ती आपणहून वाकत होती. त्यानं तिला मधेच धरलं. बर्फात तीन हिवाळे ताठ काढलेल्या माणसाला आता ताठ राहणं जमेना. बूट पॉलिश केलेला होता. त्यावर वरण होतं. बाई बघत होत्या. मागं एकोणतीस माणसं श्वास धरून उभी होती आणि पोपटराव डोळे मिटून कुठल्या तरी देवाचं नाव घेत होते.

हौशीराम सरळ झाला. त्यानं समोर, लांब, कड्यापलीकडे पाहिलं. आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू, मोठ्या कष्टानं, तो भाव उमटला: आपल्याला काय त्याचं.

"वा," बाई म्हणाल्या. "किती वर्षांपासून साचलंय हे?"

"अं... पिढ्यानपिढ्या," पोपटराव म्हणाले.

"दिसतंच आहे. अस्सल आहे. नाहीतर काही ठिकाणी आम्हाला दाखवायला म्हणून आणून टाकतात." बाईंनी स्वतः फोटो काढला आणि घाण मान्य केली.

पुढं अभियान सुरळीत चाललं. एक महिना घाण ओळखण्यात गेला, एक वर्गीकरणात. वर्गीकरण लांबूनच करायचं होतं, कारण मान्य घाणीला हात लावायला मनाई होती. अधूनमधून माऊली एखादं लग्न पाठवून देई, त्यामुळे साहित्य कमी पडलं नाही. सफाईचा पाठ शेवटच्या आठवड्यात होता. पण त्या आठवड्यात प्रमाणपत्रांचा समारंभ आला आणि समारंभासाठी तुकडीनं दौंडचं सभागृह सजवायचं होतं, म्हणून तो पाठ तुकडीनं घरी वाचावा असं ठरलं. सतीशला पुढच्या तुकडीसाठी अस्ताव्यस्तपणाचा सहायक प्रशिक्षक म्हणून तिथंच ठेवून घेतलं. तो झाडू न धरता रुजू झाला.

अक्षय तृतीया आठवड्यावर आली तेव्हा हौशीराम रांजणगावकडच्या एका कंपनीत मुलाखतीला गेला. मॅनेजर त्याला आवारात घेऊन गेले. शेडच्या कडेला पुठ्ठे पडले होते, एक पिंप आडवं झालं होतं, तेलाचा ओघळ गटाराकडे चालला होता.

"आधीच्या उमेदवारानं आल्या आल्या पिंप उभं केलं, परत आडवं करावं लागलं," मॅनेजर नाराजीनं म्हणाले. "तुम्ही काय कराल?"

हौशीरामानं हात पाठीमागं बांधले. पाय जागचे हलले नाहीत. त्याला स्वतःचंच नवल वाटलं.

"जागेला हात लावायचा न्हाई, साहेब. आधी फोटो. मग लांबून वर्गीकरन. मग रिपोर्ट वर पाठवायचा."

"आणि मग?"

"मग वाट बघायची."

"कुणाची?"

"ते रिपोर्टात न्हाई लिवत, साहेब."

मॅनेजरांनी टेबलापर्यंत न जाता तिथंच त्याच्याशी हात मिळवला.

घरी आल्यावर त्यानं पेढे दिले. सुवर्णा झेंडूच्या फुलांचे क्रेट भरत होती.

"खुर्ची मिळाली?"

"फिरती हाय. चाकाची."

"आन् काम काय करायचं?"

"बघायचं."

"अगं बाई! म्हंजी दोन वर्सं ज्ये हितं फुकट केलं, त्येचा आता पगार?" ती हसली, आणि हसता हसता तिच्या हातातला क्रेट कलंडला. अंगणभर झेंडू पसरला. ती वाट बघत थांबली. एरवी एव्हाना हौशीरामानं फुलं रंगाप्रमाणे लावायला घेतली असती. हौशीराम फुलांकडे पाहत उभा राहिला. मग त्यानं मोबाइल काढला आणि फोटो घेतला.

सुवर्णानं फुलं एकटीनं गोळा केली. तिला बरंही वाटलं आणि कसंसंही.

सोमवारी हौशीराम कामावर रुजू झाला. कंपनीचं आवार ललिता नावाची बाई झाडते; तिच्याकडे प्रमाणपत्र नाही आणि रिपोर्टात तिचं नाव येत नाही. सकाळच्या चहाच्या आत तिचं आटोपतं.